रडायचा शॉट

"मावशी, ही साडी नको. मासे विकायला बसता तेव्हाची नेसा ना. मळकी असली तरी चालेल."

आमच्याच घरात उभा राहून तो माझ्या आईला हे म्हणाला. पायात बूट तसेच. पाहुणे येणार म्हणून आईने लग्नकार्यातली हिरवी साडी नेसलेली, केसात अबोलीची वेणी. तिने माझ्याकडे बघितलंन. मग आत गेली आणि साडी बदलून आली. वेणीपण काढून ठेवलीन.

तो म्हणजे पुण्याचा मोठा गेमर. नाव घेत नाही. नाव घेतलं की त्याचेच प्रेक्षक वाढतात. तो कॉम्प्युटरवर गेम खेळतो आणि ढीगभर लोक ते लाईव्ह बघत बसतात. मीही तेच करायची, रत्नागिरीत, मच्छीमारांच्या आळीत, पत्र्याखाली. फक्त माझा कॉम्प्युटर कुठल्यातरी ऑफिसने भंगारात काढलेला. त्याचं एका बाजूचं झाकण कायम उघडं आणि आत टेबलफॅनचा वारा, नाहीतर तापून बंद पडायचा. नेट मोबाईलचं. गेम चालला तर लाईव्ह अडकायचं, लाईव्ह चाललं तर गेम. समोरच्याने गोळी मारलीन हे मला मेल्यावर दिसायचं.

मग मी युक्ती केली. स्वतःचा चेहरा दाखवायचा कॅमेरा बंद. तेवढंच नेट वाचतं. आणि चित्र अडकलं की माझं तोंड सुरू. "थांबा, पळू नका, मी भिंतीआड आहे, मेला वरून येतोय, आला, आला, गेले गो बाय!" आई बाजारात ओरडते तशी. लोकांना तेच आवडायला लागलं. चित्र ठप्प असायचं आणि लोक ऐकत बसायचे. असं अडकण्याला लॅग म्हणतात, म्हणून मला लॅगताई म्हणायचे. माझी मी कमावलेली माणसं होती ती. पण मशीन मरायला टेकलेलं. दुपारी लावलं की थोड्या वेळात धापा टाकायला लागायचं. ते गेलं की माझा चॅनल गेला, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमका तेव्हाच त्याचा मेसेज. 'ताई, तुझी स्टोरी ऐकली. तुला नवीन पीसी गिफ्ट करायचाय.'

मला तिथेच खटकलं. कसली स्टोरी? मी कुणाला काय सांगितलं होतं? आणि फुकट कोण काय देतो हो? बंदरावर वाढलेल्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. आई म्हणाली, "येऊंदे गो. सगळीच माणसं काय वाईट असतात?" मी हो म्हटलं. मशीन हवं होतं, खोटं कशाला बोलू.

आईने आदल्या दिवशी घर घासून काढलंन. अंगणात वाळत घातलेले बोंबील, सुकट, सगळं उचलून शेजारच्या काकींकडे ठेवलंन. ऊद जाळलान. पुण्याच्या माणसांना वास नको. सुरमई तळून ठेवलीन. ते आले, तो आणि एक कॅमेरावाला. वाटेत आरे-वारेच्या किनाऱ्यावर ड्रोन उडवून आले होते, त्यामुळे उशीर. आल्या आल्या साडीचं ते झालं. मग तो चारी बाजूंना बघत म्हणाला, "पण मासे कुठायत? फील येत नाहीये."

आईला कळेना. "पावणे येणार म्हणून उचलून ठेवलेत."

"परत आणा ना. इथे कॉम्प्युटरच्या मागे टांगा."

कॉम्प्युटरच्या मागे! आम्ही काय बोंबील उशाशी घेऊन झोपतो? पण आई आणायला निघालीसुद्धा. पावण्याचा शब्द मोडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. असली माणसं त्या रीतीवरच चढून बसतात. मला संताप आला होता आणि डोळे मात्र दाराशी ठेवलेल्या खोक्यावर. मोठा, चकचकीत, वर कॉम्प्युटरचं चित्र.

मग त्याने मला समजावलंन. "तू खोका बघायचा आणि रडायचं. आईला मिठी मारायची. बोलायचं नाही हं. तुझं बोलणं फार गावठी आहे."

बोलायचं नाही. मी!

"दादा, रडू नाही आलं तर?"

"ड्रॉप्स आहेत आमच्याकडे," कॅमेरावाला म्हणाला. आणि खिशातून बाटली काढलीन पण.

संशय तर पहिल्यापासून होताच. त्यांचा कॅमेरा लागेपर्यंत मी खोका भिंतीकडे सारायला गेले. पायाने सरकला. आमचं जुनं डबडं हलवायचं तर आम्ही दोघी लागतो. मी वाकून उचलला. एका हातात आला.

"ह्यात काय आहे?"

"अगं, ठेव ते."

"काय आहे ह्यात?"

"तो फक्त शूटसाठी. व्हिडिओ चालला की स्पॉन्सर खरा पाठवणार. हमखास. सगळे असंच करतात."

पाठवलाही असता कदाचित. आजही मला सांगता येत नाही. रडले असते तर आज नवं मशीन असतं, असं वाटतं अशा दुपारीही येतात.

पण तेवढ्यात आई दारात आली. रोजच्या साडीत, हातात बोंबलांची टोपली. विचारलंन, "कुठे टांगू गो?"

शिरा पडो त्यांच्या शूटिंगवर! माझं डोकंच फिरलं.

"कुठेच नाही, आये. ठेव खाली. तुझी हिरवी साडी नेस जा परत." आणि त्याला म्हटलं, "दादा, बूट पायातच आहेत. निघा."

त्याचा चेहरा उतरला. दारातून म्हणाला, "तुमच्यासारख्यांचं असंच असतं. देणाऱ्याचा हात दिसत नाही."

"दिसला की. रिकामा होता."

आई माझ्यावर चिडली. "पावण्यांना न जेवता घालवलंस," म्हणत डोळ्याला पदर लावलान. सुरमई आम्ही दोघीच जेवलो. त्याने पुढे व्हिडिओ टाकलान तो टाकलानच. त्यात त्याच्या तोंडून मी उद्धट, मी माजलेली. खाली लोकांच्या शिव्या, 'मासेवाल्यांना मदत केली की हेच होणार.' माझ्या माणसांतलीही काही तिकडे गेली. ते जिव्हारी लागलं. आणि जुनं मशीन एका दुपारी बंद पडलं ते पडलंच. आता मोबाईलवर खेळते. काच फुटकी आहे. बोलणं तेच, गावठी.

अजून मेसेज येतात. 'ताई, तुमच्यासाठी काहीतरी करायचंय.' मी एकच विचारते, कॅमेरा आणणार का? आणणार म्हणाला की ब्लॉक. कितीही मोठा असूंदे. न आणता द्यायचं असेल तर द्या. उचलून बघेन, उघडून बघेन, मग घेईन. आभारही मानीन. पण रडणार नाही.