अंगणातली रेघ

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी आमच्या गावठाणावरून ड्रोन उडाला. गाव ताडकळसच्या बाजूला आहे. पुढच्या काही दशकांत देश कसा बदलायचा, याच्या आराखड्यात प्रत्येक गावातली घरं नकाशावर आणायची होती. त्या योजनेची बातमी मी परभणीत, पेपरच्या कचेरीत लिहिली होती. ड्रोन बघायला आदल्या दिवशी घरी गेलो.

सोमवारी भोंग्यावरून सांगितलं गेलं, ज्यानं त्यानं आपल्या जागेभोवती चुन्याच्या फक्कीची रेघ मारावी. रेघ नसलेली जागा सरकारजमा होते, असं पारावर कुणीतरी म्हणालं. वडिलांनी लगेच फक्कीचं पोतं आणलं.

आमचं घर आणि धाकट्या चुलत्यांचं घर समोरासमोर आहे. मधे एकच अंगण. चुलते वारल्यावर चुलतीनं मेंढरं विकली नाहीत. ती रात्री अंगणात वाघरीच्या जाळीत बसतात. त्यांना दुसरी जागा नाही. वडिलांनी दोन्ही घरांना मिळून बाहेरून रेघ ओढली आणि मधली रेघ चुलतीच्या उंबऱ्याला लागून मारली. अंगण सगळं आमच्याकडं आलं.

चुलती दारात उभी होती.

"भावजी, मेंढरं कुटं बसवू आता? चुलीत?"

"इमानाला वरून दिसाया पायजे, ज्याचं त्याचं. मी काय तुला हाकलायलो का?"

"हाकलायचं ऱ्हायलंय काय? मेंढरं आजची हायत का हितं?"

"बसू दे की मग. कोण न्हाई म्हनलं?"

"आज तुमी न्हाई म्हनत. उद्या कागुद म्हनंल."

वडिलांनी पोतं पडवीत नेऊन ठेवलं. रेघ तशीच राहिली.

सकाळी चुलतीनं वाघर उघडली. पाणी प्यायचा हौद तिच्या उंबऱ्याशी आहे. मेंढरं रोजच्यासारखी आधी हौदावर गेली, मग चरायला. मधल्या रेघेचा फुफाटा झाला. शेजारचे आजोबा ओरडले, "झाली मोजणी! समद्या शिवारात पांढऱ्या पायाची मेंढरं तुमचीच!"

ड्रोन यायला अवकाश होता. पोत्यात फक्की उरली होती. वडील पोतं घेऊन अंगणात आले, हौदाकडं गेलेले पांढऱ्या खुरांचे ठसे बघितले आणि रेघ न मारताच पोतं परत पडवीत ठेवून दिलं.

ड्रोन दुपारच्या आत उडून गेला. उन्हाळ्यात मोजणीवाले नकाशा घेऊन दारात आले. नकाशावर दोन घरांभोवती एकच रेघ होती.

"अंगण कुणाचं?" त्यांनी विचारलं.

चुलती वडिलांकडं बघत होती.

"सामाईक हाय," वडील म्हणाले. "तसंच लिवा."

"नंतर वाद नको, काका."

"वाद झाला. मिटला बी."

पुढं दोन्ही घरांची मालमत्ता पत्रकं मिळाली. दोन्हींवर अंगणाची नोंद सामाईक अशी आहे. वाघर अंगणात आहे.