व्हय-न्हाईची तपासणी

निगडीच्या बुद्धरत्न भालेरावांना तयार माल चालत नाही. कॉम्प्युटरवर लिहायचा एडिटर सगळं जग एका क्लिकवर उतरवून घेतं. हे मात्र त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणतात आणि प्रत्येक मशीनवर स्वतः बांधतात. खोड जुनी आहे. चाकणच्या एका गिअर कंपनीत ते हेल्पर म्हणून लागले आणि वाचून, विचारून, बोलणी खाऊन सिस्टिम विभागात पोहोचले. तिथल्या मोजमापाच्या एका म्हाताऱ्या मशीनवर युनिक्स नावाची जुनी सिस्टिम होती, तिला तयार काही चालेना. तेव्हा एडिटर पहिल्यांदा बांधला, आणि मग बांधतच राहिले. घरी लिनक्स, मॅक, बीएसडी अशा निरनिराळ्या सिस्टिमची मशीनं, सगळीकडे तोच एडिटर.

बायको दीपमाला यथेच्छ चेष्टा करायची. "लोक तयार पीठ आणत्यात, ह्यास्नी मात्र गहूच पेरायचाय!" ती चाकणजवळच्या महाळुंग्याची, तिथं कारखाने यायच्या आधीची. बोलायला लागली की समोरच्याला तोंड उघडायची सोय नव्हती.

दिवाळीनंतर तिला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. उरले दोनच शब्द, व्हय आणि न्हाई. बोलण्याचा सराव घेणाऱ्या वर्षाली मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "काका, रोज बोलतं ठेवा. सराव सुटला तर शब्द परत येणं अवघड." त्यांनी चित्रांची कार्डं दिली. दीपमालानं ती गरम पातेल्याखाली ठेवली. केळ्याचं चित्र दाखवून "हे काय?" असं पन्नाशीच्या बाईला विचारायचं, त्यात तिचं काय चुकलं?

घर गप्प झालं. बुद्धरत्नांना ते फार लागलं.

एका रविवारी सकाळी ते मॅकवर एडिटरची नवी आवृत्ती बांधत बसले होते. बांधायच्या आधी एक छोटा प्रोग्राम मशीनची तपासणी करतो. कोड बांधून देणारा कंपायलर आहे का? अमुक लायब्ररी, म्हणजे जोडीला लागणारा कोड, आहे का? समोर उत्तर उमटतं, येस किंवा नो. शेजारी बसलेली दीपमाला एकाएकी म्हणाली, "व्हय." पुढच्या ओळीला पुन्हा "व्हय." मग "न्हाई." ती येस-नो वाचत होती!

ओळी भराभर पळत होत्या. बुद्धरत्नांनी तिथल्या तिथं चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. आता तिनं डाव्या हातानं कळ दाबली की एकच ओळ पुढं सरकायची. ते विचारायचे, "कंपायलर आहे का गं?" ती वाचून सांगायची. मॅक झाला, मग बीएसडी. तिथली उत्तरं निराळी, तेवढाच सराव. बांधलेला एडिटर पुसून पुन्हा बांधला. पण तीन महिने झाले तरी शब्द दोनाचे तीन होईनात. घरातली मशीनं संपली आणि बुद्धरत्नांचा धीरही संपत आला.

शेवटी त्यांनी माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला, त्यावर कोरं लिनक्स चढवलं आणि तपासणी सुरू केली. आधी व्हय, व्हय झालं. मग स्क्रीनवर अक्षरं हलवणाऱ्या लायब्ररीपाशी गाडी अडली. प्रोग्राम तिच्या पर्यायांचं एकेक नाव शोधू लागला.

"ही आहे का?"

"न्हाई."

"बरं, ही?"

"न्हाई."

"ही तरी?"

"न्हाई!" तिच्या कपाळावर आठी पडली.

आणखी दोन नावं गेली, पाचव्यांदाही नो आलं आणि तपासणी थांबली. बुद्धरत्नांनी नेहमीसारखं समजावलं, "ती लायब्ररी टाकलीच नाही आपण. म्हणून अडलंय."

दीपमालानं त्यांच्याकडं पाहिलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"आवो," ती म्हणाली, "मग... टाका की!"

तीस वर्षं ह्याच सुरात बोलणी खाल्ली होती बुद्धरत्नांनी, आणि दिवाळीनंतर ते तेवढ्यासाठीच झुरत होते. डोळे असे भरले की कीबोर्डवरची अक्षरं दिसेनात.

"टाकतो," ते कसेबसे म्हणाले. "टाकतो गं."

हात मात्र हलेनात. तिनं थोडी वाट पाहिली, मग डाव्या कोपरानं त्यांना ढोसलं.

"कवा?"