सुयांचा राब

तुळशी पुन्हा राबाच्या तुकड्याशी जाऊन बसली. भाकर थापता थापता ती पिठाच्या हातांनी उठायची, घरासमोरच्या उतारावर उकिडवी व्हायची आणि जमिनीला नाक टेकेल इतकी वाकायची. हिरवं फुटलं होतं. पण ती नागली की गवत, ते कोवळेपणी कोणाला कळतं? रोप फसलं तर ते उपटून लावायचं वरकस रान, वरचा डोंगरउतार, मोकळं राहणार, म्हणजे वर्षाची भाकरच फसली.

खोडाळ्याकडच्या या पाड्यावर सगळ्यांनी राब केला होता, म्हणजे ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून वाफे भाजले होते, त्या राखेत नागली पेरली होती. त्या दिवसांत तुळशी मात्र माळावर मजुरीला जात होती. तिथे फार पूर्वी कोणा साहेबाने हौसेने लावलेली पाइनची झाडं आहेत. पाड्याला ती सुईची झाडं. झाडाचं वजन कुठे किती आणि जमिनीला खत होईल असा कस कुठे किती, ते शोधायला कॉलेजातली वर्षा आली होती. झाड पाडायचं, खोड, साल, फांद्या, सुया वेगवेगळ्या करून तोलायच्या. सुया ओरबाडायचं काम तुळशीकडे.

"वजन सगळं खोडात," वर्षा सांगायची, "पण किलोला किलो धरलं तर कस सुयांतच. त्यापुढे खोड उपाशी."

तुळशीने ते पदराला गाठ मारल्यासारखं धरलं. राबाला तिच्याकडे दुसरं उरलंच नव्हतं. माळावर गळून पडलेल्या सुया तिने पाट्या भरभरून आणल्या.

सासू सखी दारातून बघत होती. "ऐन नाय, शेण नाय. सुयांनी काय गोधडी शिवतेस?"

"वर्षाताय म्हणली, कस त्यातच."

"मग भाकर पण तिलाच माग."

काडी लावली तशी आग भुर्रकन वर गेली आणि तितक्याच लवकर बसली. तेव्हापासून तुळशीच्या जिवाला थारा नव्हता.

आज वर्षा सामान बांधून निरोप घ्यायला आली, ती वाफा बघून तिथेच बसली. "ताई, मी कसाचं बोलले. आगीचं मला काय माहीत?"

"मी तरी कुठं इचारलं," तुळशी म्हणाली. नजर वाफ्यावरच.

सखी कमरेवर हात ठेवून आली. एक कोंब उपटला, मूळ बोटांत चोळलं. मुळाशी दाण्याचं लाल टरफल चिकटलेलं. "ही नागली." दुसरा उपटला. नुसतं मूळ. तिसराही तसाच.

"जमीन भाजलीच नाय. गवताचं बी जगलं." मग पहिला कोंब तिने उजेडात धरला. "पण रंग बघ गं हिचा. हिरवा काळाभोर. आपल्या राबात असा कुठं येतो?"

वर्षाने हसून मान वर केली, ती काही बोलायच्या आधीच सखी म्हणाली, "ताय, हसू नको. बस त्या टोकाला. मूळ बघायचं, गवत फेकायचं, नागली आली तर पुन्हा खोचायची."

तिघी वाकल्या. खाली थांबलेल्या वर्षाच्या जीपचा हॉर्न दोनदा वाजला.

"पुढल्या साली सुयांवर शेण थाप, वरून माती घाल," सखी म्हणत होती. "आग धुमसत राहील, जमीन भाजेल."

तुळशीच्या कानावर ते आलं की नाही कोण जाणे. तिने आणखी एक कोंब उपटला, ओल्या मुळाशी नखाने लाल शोधू लागली. मिळालं. खोचला. हात पुसायच्या आतच पुढचा कोंब तिच्या चिमटीत होता.