पन्नास पानं वाचणारा मामा

शिक्रापूरच्या चौकातून चाकणच्या रस्त्याला लागलं की डाव्या अंगाला मोबाइलची दुकानं, एक खानावळ, आणि खानावळीला खेटून मारुतरावांचं पुस्तकांचं दुकान. पाटीवर अजून 'कृषी सेवा केंद्र' असंच आहे. त्याच्या खाली लाल रंगात 'पुस्तकेही मिळतील' असं लिहून घेतलंय. आत बियाण्याचा एक दाणा नाही, पण पाटी बदलायची म्हटलं की मारुतराव म्हणतात, "असू द्या. माणूस आत तर येतो. आत आल्यावर बघू, काय पेरायचं ते."

अर्धं आयुष्य त्यांनी बियाणं विकलं. मग शिक्रापूरची रानं प्लॉटिंगला गेली, कांदा निघायचा तिथं चाळी उठल्या, आणि चाळींत कंपन्यांची पोरं भाड्यानं राहायला आली. त्यांना वांग्याच्या बियाचं काय करायचंय? मारुतरावांना उन्हाळ्याच्या रिकाम्या दिवसांत वाचायची खोड होतीच. फळ्या तशाच ठेवून त्यांनी पुस्तकं लावली. गिऱ्हाईक बदललं, पण दुकानदाराची जीभ काही बदलली नाही.

दुकानात दोन भिंती. एकीवर कादंबऱ्या, तिला ते बागायती म्हणतात, कारण तिथं बसून पाणी द्यावं लागतं. दुसरीवर माहितीची पुस्तकं, ती जिरायती. कधीही उघडा, मिळेल त्या पावसावर येतात. नवीन पुस्तक आलं की त्याला कागदाची चिठ्ठी. बिबट्यांवरच्या पुस्तकाला लावलेली: 'उसाला पाणी धरणाऱ्यांनी घ्यावं. भीती जात न्हाई, पण बिबट्याची बाजू कळती.' एका कामगाराच्या आठवणींना: 'ड्युटीवरून आल्या आल्या वाचू नये. परत ड्युटीवर गेल्यागत वाटतं.'

खानावळीत जेवून एखादा बिहारी पोरगा डोकावतो. "चाचा, कुछ नया आया क्या?"

"आया है. लेकिन भारी जमीन का है, तेरे को झेपेगा क्या?"

पोरगा इरेला पेटून नेतो, आणि वाचतोही. मारुतरावांच्या शब्दाला चौकात वजन होतं. नापसंत पुस्तक परत घ्यायची त्यांची बोली होती, पण परत करायला सहसा कोणी यायचं नाही.

या वजनामागची गोम फक्त त्यांच्या बायकोला, धुरपदाबाईंना ठाऊक होती. बियाणं विकताना मारुतराव आधी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. मोड चांगले आले की पोतंच्या पोतं 'हमखास' म्हणून विकायला मोकळे. पुस्तकाचंही त्यांनी तेच चालवलं होतं. पहिली पन्नास पानं वाचायची, तेवढ्यात मोड आला की चिठ्ठी. पुढचं पीक कसं येतं, ते ज्याच्या रानात पेरलं त्यानं बघावं.

त्यांची बहीण साखरबाई निमोण्याला दिलेली. तिची मुलगी नीलम शिक्रापूरच्याच एका कंपनीत, तयार झालेला पार्ट पास का रिजेक्ट हे ठरवायच्या कामाला. तिला स्थळ आणलं ते मामानंच: दौंडकडच्या खुटबावचे आनंदराव, घरचा ऊस, दावणीला गाई, आणि एकुलता एक पोरगा सत्यजीत. पसंती झाली, साखरपुड्याचा दिवस धरला, आणि मामानं कौतुकानं भाचीच्या हातात एक कोरी कादंबरी ठेवली. चिठ्ठी होती: 'घर, हळद, थट्टामस्करी. नव्या नवरीला हमखास.'

आठवडा गेला नसेल, साखरबाईचा फोन.

"दादा, नीलम म्हणती साखरपुडा थांबवा."

"आता काय झालं?"

"मला काय म्हाईत. पुस्तक वाचून उठली आन् म्हणाली थांबवा."

"कसलं पुस्तक वाचती ही?"

"तूच दिलंयस की मुडद्या."

संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर नीलम स्वतःच आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. तिनं कादंबरी काउंटरवर ठेवली.

"मामा, हे तुम्ही वाचलंय का?"

"म्हंजी काय. हळद काय रंगवलीय त्यानं. ती करवली नवरदेवाची चप्पल लपवती..."

"हळद अठ्ठेचाळीस पानावर संपती. पुढं काय होतं?"

मारुतरावांनी उगाच फळीवरची दोन पुस्तकं सरळ केली. "पुढं काय. संसार."

"पुढं सासरा म्हणतो नोकरी सोड, आन् नवरा ताटात बघत बसतो. दोनशे पानं, मामा, तो माणूस ताटात बघतोय. ती बॅग भरून निघती तवा कुठं तोंड उघडतो. आन् इचारतो काय, तर उद्याचा डबा कोण करणार?"

"डबा न्हाई, इस्त्री," आतून धुरपदाबाईंचा आवाज आला. "इस्त्री कोण करणार म्हणतो. शेवटच्या पानावर हाय."

मारुतराव वळले. "तुला म्हाईत होतं व्हय?"

"मी शेवटचंच पान वाचते. बरं वाटलं तर मागं जाते. मला इचारलंय का कुणी कधी?"

नीलम मामाकडं बघत होती. लहानपणी बोट धरून जत्रेत फिरताना बघायची त्याच नजरेनं, म्हणून त्यांना जास्त लागलं. ती म्हणाली, "आम्ही पहिला पीस बघून लॉट पास केला ना मामा, तर आमाला घरी बसवतील. आता खरं सांगा. सत्यजीत कितव्या पानापर्यंत वाचलाय तुम्ही?"

मारुतराव स्थळ बघायला खुटबावला गेले होते तो दिवस आठवायला लागले. चहा घेतला, पोरगा पाया पडला, कपबश्या स्वतः उचलून आत नेल्या, गाडी पुसलेली होती. आणि आनंदराव म्हणाले होते, 'लग्नानंतर नोकरीचं बघू काय ते.' तेव्हा पोरगा काय म्हणाला? काहीच नाही. पोह्याच्या बशीत बघत होता. मारुतरावांना तेव्हा वाटलं होतं, लाजाळू आहे.

"पन्नास," ते म्हणाले. "लई तर साठ."

"मग?"

"मग काय. वाचून येतो."

दुकान धुरपदाबाईंवर टाकून ते खुटबावला मुक्कामी गेले. आनंदरावांना सांगितलं, ऊस बघायला आलोय. उसाचं नाव काढल्यावर आनंदरावांनी त्यांना सोडलंच नाही. बांधाबांधानं हिंडवलं, प्रत्येक सरी दाखवली. मारुतराव मान डोलवत होते, डोळे मात्र सत्यजीतवर. पोरगा कामाला वाघ. गाईंशी बोलायचा, म्हशीच्या रेडकाला तर लाडानं शिव्या द्यायचा. घोरायचा मात्र बेफाम. पण बाप समोर आला की बोलणं एवढंच: "व्हय आबा." "आणतो आबा." दुसऱ्या दिवसापर्यंत मारुतरावांना 'व्हय आबा'शिवाय एक ओळ सापडली नाही. कादंबरीतला नवरा खुटबावात गाई पाळून असावा, अशी त्यांची खात्री होत आली.

दुपारी जेवायला बसले. तिघांची ताटं समोरासमोर. मारुतरावांनी भाकरी मोडली आणि सरळच विषय काढला.

"पाव्हणं, पोरगी हिकडं जवळ, कुरकुंभच्या कंपनीत बदलून घेणार म्हणती. नोकरी चालू ठिवायचीय तिला."

आनंदरावांनी ठेचा ओढला. "बघू की. घरात काय कमी हाय? लग्न तर होऊ द्या, मग बघू."

मारुतरावांनी सत्यजीतकडं पाहिलं. सत्यजीत ताटात बघत होता.  लग्नात भाचीच्या मागं उभा राहणारा मामा मीच, आणि तिला ढकलणाराही मीच का, असं त्यांच्या मनात आलं.

"बघू न्हाई, आबा," सत्यजीत म्हणाला. अजून ताटातच बघत. "ठरलंय ते."

"कुणी ठरवलं?"

"बघायला आलो तवाच तिनं इचारलंवतं. मी व्हय म्हणलो. आता न्हाई कसं म्हणू?"

आनंदरावांचा हात ठेच्यावरच राहिला. तेवढ्यात लाइट आली. सत्यजीत ताडकन उठला, "मोटर चालू करून येतो," म्हणाला आणि उष्ट्या हातानं विहिरीकडं पळाला.

 मग आनंदराव हळूच म्हणाले, "मोटर ऑटोवर हाय हो. आपसूक चालू हुती."

मारुतराव शिक्रापुरात आले तेव्हा नीलम दुकानात येऊन बसली होती. धुरपदाबाई तिला कसल्याशा कादंबरीचा शेवट सांगत होत्या.

"वाचला," मारुतराव म्हणाले. "आता मी हमखास वगैरे म्हणणार न्हाई. जसा हाय तसा सांगतो. घोरतो. गाईंशी जास्त बोलतो, माणसांशी कमी. मधली दोन प्रकरणं कंटाळवाणी हायेत."

"आन् ताटाचं?"

"ताटातच बघतो. पण बघत बघत बोलला. बापाला म्हणाला, ठरलंय ते." मारुतराव थांबले. जुना दुकानदार असता तर इथंच पोतं बांधलं असतं. "आन् बोलून झाल्यावर मोटर चालू करायला पळाला. मोटर ऑटोवर हाय."

नीलमनं ओठ दाबले, पण हसू आलंच. "परत आला का?"

"आला की. बाप समोरच हुता. खाली बसला आन् राहिलेली भाकर खाल्ली."

"संपवली?"

"संपवली. वरनं भात मागितला."

नीलमनं ओळखपत्र गळ्यातून काढलं, त्याची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. "मला एकटीला व्हय म्हणलावता, आता बापासमोरबी म्हणला. मग चालंल," ती म्हणाली. "आईला सांगा, दिवस धरा. न्हाई आवडला तर परत घेता ना, मामा?"

"ती बोली फक्त पुस्तकाला हाय," मारुतराव घाईनं म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी भिंतींवरच्या सगळ्या चिठ्ठ्या उतरवल्या आणि प्रत्येकीवर खरं काय ते लिहिलं. बहुतेकींवर 'पन्नास पानं वाचून' असंच लिहावं लागलं. मग नीलमनं परत आणलेली कादंबरी उघडून एक्कावन्नाव्या पानावर बसले.

"सांगू का, बॅग भरल्यावर ती कुठं जाती?" धुरपदाबाई म्हणाल्या.

"तू गप बस," मारुतराव म्हणाले आणि पान उलटलं.