विहिरीत केरकचरा टाकू नका

पाटलाच्या बांधावर मी ओणवी होऊन ओंजळ धरली होती. पाटील वरून तांब्यानं पाणी ओतत होता. तांबा उंच धरायचा, धार ओंजळीत पडली पाहिजे, शिंतोडा मात्र त्याच्या अंगावर उडता कामा नये. अशीच आमची तहान भागवायची रीत. सकाळपासून मी त्याचा जोंधळा काढत होते. दोन घोट झाले आणि धार थांबली.

"किती ढोसतीस गं? पुरं."

उरलेलं पाणी त्यानं बादलीत ओतलं आणि बादली बैलापुढं सरकवली. बैलानं तिच्यात तोंड घातलं. लाळ गळत होती. त्या बादलीला विटाळ झाला नाही. माझी ओंजळ अजून तशीच पुढं. बांधावरचे गडी हसले. हात जोडले असते तर आणखी घोटभर मिळालं असतं. मी जोडले नाहीत. विळा उचलला.

घरी येऊन सासऱ्यांना म्हटलं, "मामा, आपल्या वतनाच्या तुकड्यात हीर काढू."

सासू म्हणाली, "ह्या माणदेशात? खाली समदा कातळ हाय. डोकं फिरलंया का?"

दोन उन्हाळे आम्ही तिघांनी खणलं. सासरे पहारीनं फोडायचे, आम्ही दोघी पाट्या वर आणायचो. नवरा मुंबईला गिरणीत होता. सुट्टीवर आला की तोही आत उतरायचा. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी झरा लागला. सासू त्या चिखलात बसून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

आणि हेही खोटं सांगत नाही, मला मुंबईला जायचं होतं. लढाई चालू होती, गिरण्यांना माणसं हवी होती. नवऱ्यानं चाळीत खोली धरली होती. "ये" म्हणाला होता. लग्नानंतर सगळे दिवस मिळून दोन महिनेही आम्ही एकत्र राहिलो नव्हतो. माझं गाठोडं बांधून तयार होतं.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. गावाची विहीर तळाला गेली. बायका कोरड्या नदीत वाळू उकरून वाटी वाटी पाणी भरू लागल्या. आमच्या विहिरीला मात्र पाणी होतं.

एके दिवशी भर दुपारी पाटील महारवाड्यात आला. मी त्याला तिथं कधी पाहिलं नव्हतं. मागं छत्री धरून गडी. आम्ही विहिरीवरच होतो. सासऱ्यांनी वाकून जोहार घातला. तो लिंबाच्या सावलीत उभा राहिला, आमच्यापासून बेतानं लांब.

"म्हातारबा, पोराकडं ममईला जावा की समदी. हितं काय ठिवलंय? दगडं अन् दुष्काळ. तिथं नळाला पानी, हाताला काम, पोरंबाळं झाली तर शाळा. आन जात कुनी इचारत न्हाई बगा. टेसनापतुर माझी बैलगाडी घ्या."

सासरे खुलले. जन्मभर ज्यानं 'ए' म्हणून हाक मारली, त्यानं आज 'म्हातारबा' म्हटलं होतं. मला मात्र भीती वाटली. मला जे जे हवं होतं ते सगळं त्याच्या तोंडातून येत होतं. ह्याला आमचा एवढा कळवळा कुठून आला?

आणि जात विचारत नाहीत? म्हसवडच्या जत्रेला आला तेव्हा नवऱ्यानं सांगितलं होतं. आपल्याला साच्यावर, म्हणजे कापड विणायला घेत नाहीत. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला दोरा तोंडानं ओढून काढावा लागतो. आपल्या तोंडचा धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? म्हणून तो कापूस पिंजायच्या खात्यात. रात्रंदिवस खोकायचा. "ममईतबी ओंजळ हायच," म्हणाला होता.

पाटील जायला निघाला. चार पावलं गेला आणि वळला.

"आन जाताना हिरीत केरकचरा टाकू नगा. नीट झाकून जावा."

विहिरीचं नाव आमच्यापैकी कुणीच काढलं नव्हतं.

मग माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. वतनाचा तुकडा गावकीच्या कामापोटी मिळालेला; आम्ही गेलो की ते काम करायला कोणी नाही, म्हणजे तुकडा पाटलाच्या हातात. मग गोमूत्र शिंपडायचं आणि गावानं पाणी प्यायचं. पाण्याला काहीच झालं नव्हतं. आम्ही तेवढे तिथं नको होतो.

मी पोहरा सोडला. भरून वर ओढला, काठावर ठेवला.

"आवं पाटील, उनातनं आलायसा. तान लागली आसंल. घ्या पानी."

तो पाण्याकडं बघत राहिला. त्याचा गळा हललेला मला दिसला. मागच्या गड्यानं ओठांवरनं जीभ फिरवली.

"लय जीभ सुटलीया तुजी."

"आमी गेल्यावर प्याचं ते आज प्या. आमी हितं आसताना."

सासऱ्यांनी हात जोडले. "पोरगी हाय, पाटील. सोडा."

"गावात तुमाला कुठं काम मिळतंय तेच बघतो," एवढं बोलून तो गेला. पाण्याला शिवला नाही.

दोन दिवस सासरे माझ्याशी बोलले नाहीत. काम खरंच बंद झालं. तिसऱ्या दिवशी ते काठी घेऊन विहिरीवर राखणीला जाऊन बसले.

मी गाठोडं सोडलं. नवऱ्याला पत्र लिहून घेतलं. तुमच्याजवळ यायचंय, लय यायचंय. पण पाटील जा म्हणतोय तोवर मी इथून हलणार नाही.

दोर बांधलेला आहे, पोहरा काठावर आहे. गावाला तहान असेल तर यावं, आमच्यादेखत आपल्या हातानं ओढावं, प्यावं. मी कुणाला वरून ओतणार नाही. आणि इथून उठणारही नाही.