महालक्ष्मीचा प्रसाद घराबाहेर जात नाही

परवा घमापुरला माझ्या माहेरी महालक्ष्म्या यायच्या होत्या... त्यांच्याआधी नितीन येऊन उभा राहिला.

नितीन माझा धाकटा भाऊ. दारू सुटावी म्हणून त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलंय आणि उपचार अजून निम्मेच झालेत. आईने मात्र मोहल्लाभर सांगून ठेवलं होतं की तो कंपनीच्या कामाने नागपूरला गेलाय.

तुमच्याकडच्या गौरी त्या आमच्या महालक्ष्म्या. आमच्याकडे त्यांना साड्या पुरुष नेसवतात. आधी बाबा नेसवायचे, ते गेल्यावर नितीन. यंदा तो नाही, म्हणून मी सासरहून, महाराजपुरहून, सकाळीच आले, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि पिनांचा डबा घेऊन बसले.

बराच वेळ झटापट केल्यावर ज्येष्ठा अशी दिसायला लागली की जणू रेनकोट चढवून भाजी आणायला निघालीये. कनिष्ठेकडे तर मी बघतच नव्हते.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "ताई, हे काय करून राहिली तू?"

पायात केंद्रातल्या रबरी चपला, हातात कपड्यांची पिशवी. सही करून निघालो म्हणाला. आता बरा आहे, परत जाणार नाही. मागच्या वेळीही तो असाच अर्ध्यातून आला होता आणि आठवडा संपायच्या आत दारू पुन्हा सुरू झाली होती.

मी गुपचूप केंद्रातल्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "जबरदस्ती मत कीजिए, समझाइए. उसकी जगह हमने रखी है." समजावते कसली, कपाळ! साहेब तोवर हातपाय धुऊन निऱ्या घालायला बसलेसुद्धा.

आणि काय सुरेख नेसवल्या हो! गेल्या वर्षी त्याचे हात इतके थरथरत होते की दोन्ही महालक्ष्म्या नुसत्या पिनांवर उभ्या होत्या. यंदा मी पिन पुढे करायचे आणि तो "नको" म्हणायचा. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती... मला एकदमच खूप आनंद झाला आणि तितकीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या. नितीन पहिल्या घासापासून केंद्रातल्या लोकांबद्दलच बोलत होता. शेजारच्या पलंगावरचे पाठकजी, रेल्वेतून रिटायर झालेले... बिचारे रोज त्याच्याकडून पुरणपोळीचं वर्णन ऐकून झोपायचे म्हणे.

मग हळूच म्हणाला, "आई, थोड्या पोळ्या बांधून दे ना. त्यांना देतो अन् लगेच वापस येतो."

आता इथे आमच्या घरचा कायदा सांगायला हवा. महालक्ष्मीचा प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाही, खायचा तर इथे येऊन खायचा. एका वर्षी माझ्या नवऱ्याला ताप होता, म्हणून मी एक पोळी मागितली होती... एक! "ते तुझं घर, हे माझं," म्हणून आईने तीही दिली नव्हती.

आई कढी वाढता वाढता थांबली. "प्रसाद घरातच खायचा असते. घरचा माणूस जिथं राहते, ते घर. तू तिथं राहत होता तोवर मागितलं असतं, तर टोपलं भरून दिलं असतं. आता तू तर सोडून आला. आता काहून देऊ?"

नितीनचा हात ताटातच राहिला. आई अगदी शांत होती, फक्त तिच्या हातातल्या पळीतून कढी पाटावर सांडत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

मग नितीन हसायला लागला. "बहुत चालू आहे तू, आई!" डोळे पुसले आणि म्हणाला, "बांध. सगळ्यांना पुरतील एवढ्या बांध. ताई, ऑटो बोलव."

केंद्रात आजवर एकदाही न आलेली आई चांगली साडी नेसून टोपलं मांडीवर घेऊन ऑटोत बसली. शेजारच्या दुबे आंटींनी विचारलंच, "कहाँ चले सब?" मी नागपूर म्हणायला तोंड उघडलं, तर आई म्हणाली, "नितिन को छोड़ने. नशा छुड़ाने का इलाज चल रहा है उसका, अभी बाकी है."

आंटी "अच्छा, रुकिए" म्हणत आत गेल्या आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. पुरणपोळीबरोबर लोणचं! पण मी काही बोलले नाही.

तिथे आईने सगळ्यांना हात धुवायला लावले आणि पंगत बसवून स्वतः वाढलं. पाठकजींनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटले आणि नितीनला म्हणाले, "भैया, तुमने तो कम बताया था." लोणचंही संपलं, सांगून ठेवते.

निघताना आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "विसर्जनाला येऊ नको. घरीच आहेस."

आज महालक्ष्म्या गेल्या. साड्या सोडताना पिना शोधाव्या लागल्या, इतक्या कमी होत्या. एक पोळी उरली होती, ती मी मागून पाहिली... आई म्हणाली, "ते तुझं घर, हे माझं."

महाराजपुरला रिकाम्या हाताने परत आले. रस्ताभर एकटीच हसत होते... देवा, हा कायदा असाच राहू दे.