तळाच्या डिव्हिजनचे मिस्टर

हरायला घाबरणारी माणसं मी आयुष्यात पोत्याने पाहिली आहेत, पण जिंकायला घाबरणारा माणूस देवाने एकच घडवला आणि तो सिडनीतल्या आमच्या टूनगॅबीत, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आणून ठेवला. त्यांना आम्ही सगळे मिस्टर म्हणायचो. मिस्टर म्हणजे माझा नवरा नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण "आज मिस्टर जेवायला येणार आहेत" असं मी वसईला आईला फोनवर म्हटलं तेव्हा "म्हणजे एरवी घरी जेवत नाही की काय?" असं तिने धसकून विचारलं होतं आणि तिची समजूत घालण्यातच आयएसडीचा कॉल संपला होता. स्पेनमध्ये फुटबॉलच्या कोचला मिस्टर म्हणतात. ज्या देशात प्लंबरपासून बँक मॅनेजरपर्यंत सगळे एकमेकांना मेट म्हणतात, तिथे त्यांनी आल्या आल्या पहिली अट घातली ती हीच. मला मेट म्हणायचं नाही, नावानेही हाक मारायची नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. माझा नवरा विल्सन आमच्या सबर्बच्या क्लबात पस्तिशी उलटलेल्यांच्या टीममध्ये खेळायचा, आणि मी त्या टीमची मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे संत्री कापायची, जर्सी धुवायच्या आणि कोणाची किट बॅग कोणाच्या गाडीत राहिली याचा तपास करायचा.

मिस्टरांचा पहिला राग गवतावर. सिडनीतली मैदानं कशी, कौन्सिल लेकरासारखी जपते; जरा पाऊस झाला की बंद. मिस्टरांच्या मते फुटबॉलची वाट लागली ती या लाडावलेल्या गवतापायी. ते स्वतः खेळले ते मातीवर, तुडवून तुडवून कडक झालेल्या. पडलात तर गुडघ्याचं साल जाणार, म्हणून माणूस पडण्याआधी विचार करतो. "गवतावर माणूस पडतो आणि आकाश बघत बसतो," असं म्हणून ते आमच्या लोकांना मैदान सोडून पार्किंगच्या खडीवर पळवायचे. कुलकर्ण्यांच्या बायकोने ट्रॅकपँटची ढोपरं शिवून शिवून शेवटी त्यावर रेक्झिनची ठिगळं लावली. हे कुलकर्णी पुण्याचे, पॅरामॅटाला सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर. मुळात क्रिकेटवाले, पण इथे हिवाळ्यात क्रिकेट नसतं, तेव्हा घरात पायात पायात नको म्हणून बायकोने बाहेर काढलेले. समोरच्याच्या पायातून बॉल काढून घेतला की ते थांबून त्याला सॉरी म्हणायचे, आणि त्यांचं सॉरी पुरं होईपर्यंत बॉल परत गेलेला असायचा. मिस्टरांनी त्यांना सॉरी म्हणायची बंदी केली नाही. फक्त पळता पळता म्हणा, एवढं शिकवलं.

दुसरी तऱ्हा सूर्यफुलाच्या बियांची. मॅच सुरू झाली की कोटाच्या खिशातून मूठभर बिया तोंडात जायच्या. मग दाणा आत आणि टरफल बाहेर, सगळं हात न लावता, आणि त्याच तोंडाने मैदानाकडे बघून ओरडणंही चालू. मॅच संपल्यावर ते उभे असत तिथला टरफलांचा ढीग पाहून सामना किती अटीतटीचा झाला ते सांगता यायचं. कँटीनवाली बाई मुकाट्याने माझ्या हातात झाडू द्यायची, कारण मी मॅनेजर. एकदा वैतागून मी त्यांना इंडियन दुकानातले सोललेले खारे दाणे नेऊन दिले. त्यांनी एक खाल्ला, सभ्यपणे गिळला आणि चव चांगली आहे म्हणाले, पण मग बाकीचा वेळ करायचं काय? ज्या खाण्यात सोलायचं काम नाही ते खाणं त्यांना फुकट गेल्यासारखं वाटायचं.

हे सगळं ठीक होतं. प्रत्येकाच्या काही ना काही तऱ्हा असतातच, माझ्या सासूबाईंच्या सांगायला बसले तर सकाळ होईल. मला खरी चुटपुट लागली ती एका कागदापायी. कोणती टीम किती पॉइंटवर आहे त्याचा तक्ता दर आठवड्याला कँटीनच्या भिंतीवर लागायचा. मिस्टर आले की आधी तो काढून उलटा लावायचे, कोरी बाजू आपल्याकडे. कोणी नुसतं 'पॉइंट्स' म्हटलं तरी ते चटकन लाकडाला हात लावत. जवळ लाकूड नसलं तर डॅझाच्या डोक्याला. डॅझा हा आमचा गोलकीपर, धंद्याने प्लंबर, दाराच्या चौकटीएवढा माणूस. त्याला पुढचे कित्येक महिने वाटत होतं की मिस्टर आपल्याला शाबासकी देतात.

आता मला एकदा प्रश्न पडला की त्याचं उत्तर मिळेपर्यंत अन्न गोड लागत नाही. जो माणूस स्पेनमध्ये पैसे घेऊन फुटबॉल खेळला, त्याने आमच्या पोटं सुटलेल्या मंडळींना शिकवायला फुकटात का यावं? विल्सनला विचारलं तर तो म्हणाला, तुला काय करायचंय, आले ना, बस. पुरुषांचं हे असंच. दहा वर्षं एकत्र खेळतील आणि दुसऱ्याला मुलं किती हे ठाऊक नसेल. मी सरळ क्लबच्या सेक्रेटरीला गाठलं. तो म्हणाला, त्यांनी इंटरव्ह्यूमध्ये एकच प्रश्न विचारला. या डिव्हिजनच्या खाली आणखी डिव्हिजन आहे का? नाही, मेट, हा तळच, असं त्याने सांगितल्यावर ते म्हणाले, मग मी येतो.

याने कोडं सुटायच्या ऐवजी जास्तच वाढलं. शेवटी एका रविवारी मिस्साला गेल्यावर मी त्यांच्या बायकोला धरलं. चर्चच्या हॉलमध्ये चहा पिता पिता त्या बाईंनी सगळं हसत हसत सांगितलं. "माझं लग्न सेकंड डिव्हिजनच्या खेळाडूशी झालं," त्या म्हणाल्या, "आणि हनिमूनहून परत आलो तेव्हा नवरा थर्ड डिव्हिजनचा होता." तो क्लब तळाला राहून खालच्या डिव्हिजनमध्ये गेला म्हणून मिस्टरांना काढून टाकलं. दुसऱ्या क्लबाने घेतलं, तोही खाली गेला. मग तिसरा. आपल्याकडे नव्या सुनेचा पायगुण बघतात, तिथे लेफ्ट बॅकला खेळणाऱ्या या बिचाऱ्याचा बघायला लागले. एका गावात बेकरीवाला त्यांना पाव देईना. दुसऱ्या गावात टीम खाली गेली त्या संध्याकाळी माणसं घरासमोर जमली आणि ही दोघं पडदे ओढून, दिवा न लावता आत बसून राहिली. पुढे कोच झाले, तर तीच कथा. शेवटी बोजाबिस्तरा गुंडाळून ऑस्ट्रेलियात आले, म्हणजे उतरत उतरत पार नकाशाच्या तळाला. इथे एका स्पॅनिश लोकांच्या टीमला शिकवू लागले आणि ती टीमही घसरली. मग मिस्सानंतर गळाभेट घेणारी माणसं घाईघाईने गाडीकडे जायला लागली. म्हणून चर्च बदलून ही दोघं आमच्याकडे आली. बाई हसत होत्या म्हणून मीही हसले, पण घरी येऊन मसाला वाटताना मला फार वाईट वाटलं. त्या माणसाला कप नको होता, नाव नको होतं. आणखी खाली ढकलताच येणार नाही अशी एक टीम हवी होती, आणि हरलं तरी आपल्याशी बोलणारी चार माणसं.

आणि तशी ती मिळाली असताना आमच्या लोकांनी घात केला. ती जिंकायला लागली. अगदी जिंकायला नाही, पण हरेनाशी झाली. मिस्टरांना शिकवता यायचा तो फक्त बचाव, त्यामुळे आमच्या मॅचेस शून्य-शून्य सुटायच्या. बघायला आलेली माणसं अर्ध्यातून उठून बार्बेक्यूकडे जायची. पण बाकीच्या टीम एकमेकींना हरवत बसल्या आणि आम्ही एकेक पॉइंट गोळा करत ऑगस्टपर्यंत असे वर आलो की शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली तरी वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार. विल्सन रात्री झोपेत लाथा झाडू लागला. कुलकर्ण्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं. फक्त मिस्टरांचा चेहरा घरात आजारी माणूस असल्यासारखा.

त्या शनिवारी टीम मैदानात उतरली तरी मिस्टर दिसेनात. मी शोधत गेले तर पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत, मैदानाकडे पाठ करून बसलेले. खिशात बिया तशाच. मी दार उघडून शेजारी बसले. तुमची बायको माझ्याशी बोलली आहे, मला सगळं माहीत आहे, असं मी सांगूनच टाकलं.

"सेन्योरा," ते म्हणाले, "यांना आज मी वर नेलं, तर पुढच्या वर्षी मीच खाली आणणार. मग हे माझ्याशी बोलणार नाहीत. आज सगळे बोलतात."

मी म्हटलं, मिस्टर, या लोकांना मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते. हरले की हे माझ्या घरी येतात आणि दुप्पट जेवतात. तुमच्यावर रागवायला यांच्याकडे वेळ कुठे आहे? त्यांना ते पटलं असं मला वाटत नाही. पण बाईमाणूस शेजारी बसून आहे आणि आपण उठत नाही हे त्यांच्या रीतीत बसेना, म्हणून उतरले. मॅच शून्य-शून्य सुटली. आमचे लोक वेड्यासारखे नाचले आणि मिस्टर सगळ्यांचे हात हातात घेत उभे राहिले, मयताला आलेल्यांचे घेतात तसे.

पुढचं वर्ष त्यांनी सांगितलं तसंच गेलं. वरच्या डिव्हिजनमधली माणसं वयाने आमच्याएवढीच, पण पळणारी. कुलकर्णी पळता पळता सॉरी म्हणायचे आणि तरी मागे पडायचे. सीझन संपायला अजून काही मॅचेस होत्या तेव्हाच नक्की झालं की आम्ही पुन्हा तळाला. त्या दिवशी मिस्टर कधी नाही तो टाय बांधून आले होते. मॅच संपल्यावर एकेकासमोर जाऊन त्यांनी हात मिळवला, आभार मानले आणि चालत घरी गेले. आमच्या लोकांना वाटलं, स्पॅनिश माणूस, असेल काहीतरी रीत. डॅझा नो वरीज म्हणाला आणि बिअर आणायला गेला.

आता मिस्टर पर्थला मुलीकडे असतात. त्या घसरणीनंतरही ते आमच्याकडे पुष्कळ वर्षं होते, गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत, आणि त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर अजून ढीगभर आहेत. पण त्यांची आठवण आली की मला आधी त्या मॅचनंतरचा मंगळवारच आठवतो. मंगळवारी संध्याकाळी प्रॅक्टिस असायची. मी धुतलेल्या जर्सी घेऊन गेले तर सगळे बूट घालून शेडसमोर कुडकुडत उभे. शेडला कुलूप आणि मिस्टरांचा पत्ता नाही. एरवी सगळ्यांच्या आधी येणारा माणूस. वाट बघून बघून डॅझा म्हणाला, चला, घरीच जाऊ. निघाल्या गाड्या. मी मागे राहणं शक्यच नव्हतं.

गाड्या त्यांच्या दारात थांबल्या आणि आतला पडदा सर्रकन ओढला गेला, दिवा विझला. अख्खी टीम बुटांचा खडखडाट करत ड्राइव्हवेवरून चाललेली, आणि आत ती दोघं काय समजली असतील ते त्या सगळ्यांत मला एकटीला ठाऊक होतं. मी पुढे होऊन काही सांगणार इतक्यात मिस्टरांनीच दार उघडलं. पायात सपाता, अंगात लोकरी जाकीट. शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे ताठ.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "आपण खाली गेलो."

आमचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. डॅझाने डोकं खाजवलं.

"हो, गेलो ना," तो म्हणाला. "पण बॉल शेडमध्ये आहेत, मिस्टर. आणि चावी तुमच्याकडे."

मिस्टरांनी जाकिटाच्या खिशातून चावी काढून त्याच्यासमोर धरली. डॅझा ती घेईना. त्याला कळतच नव्हतं की ते चावी का देतायत. तेवढ्यात मागून कुलकर्णी पुढे झाले.

"चावी नको, तुम्ही चला," ते म्हणाले. "आधीच उशीर झालाय."

"मी?" मिस्टरांनी विचारलं.

"मग प्रॅक्टिस कोण घेणार?" कुलकर्णी म्हणाले आणि गाडी वळवायला गेलेसुद्धा.

मिस्टर आत जाऊन बूट घालायला बसले. उघड्या दारातून आम्हाला दिसत होतं, नाडी त्यांच्या हातून पुन्हा पुन्हा सुटत होती. कोणी घाई केली नाही. शेवटी ते बाहेर आले आणि डॅझाच्या व्हॅनमध्ये पाइपांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले. गाड्या गेल्यावर बाईंनी पडदा पुरता उघडला. त्या रडत होत्या आणि ते लपवत नव्हत्या. मीही रडत होते.

"इतक्या गावांत खेळला," त्या म्हणाल्या, "पण खाली गेल्यावर न्यायला कोणी आलं ते आजच."

मी परत मैदानावर गेले नाही. मैदानावरचे दिवे त्यांच्या दारातून दिसायचे, ते बंद होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.